इंदापूरची पडीक जमीन : एका चुकलेल्या हिशेबाचे प्रकरण (१८१८–१८३६)

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका वसला आहे. नीरा-नरसिंहपूरला दोन्ही नद्या मिळतात आणि तालुकाही तिथेच संपतो. आज उजनीचा फुगवटा आणि कालव्यावरचा ऊस पाहणाऱ्याला पटणार नाही, पण १८३५ च्या सुमारास हा तालुका मुंबई सरकारच्या महसूल खात्याला जड झाला होता. चांगली पेरणीलायक जमीन पडून होती. कुळे घरदार सोडून गेली होती. दरवर्षी साऱ्याची आकारणी व्हायची, ती वसूल व्हायची नाही, मग काही सूट द्यायची आणि काही बाकी म्हणून पुढच्या वर्षाच्या अंगावर टाकायची, असे चालले होते.

पेशवाई जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. होळकरांची फौज नव्हती, पेंढारी नव्हते, कुणी गाव लुटायला येत नव्हते. एवढ्या शांततेत गावे ओस का पडावीत?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. अवर्षणाने आणि सरकारच्या हावेने इंदापूर खिळखिळे केले, हे खरेच आहे. पण त्याचे कंबरडे मोडले ते एका हिशेबाने. शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता किती उरते हे सरकारला कचेरीत बसून काढता येते, या समजुतीवर तो हिशेब उभा होता. पुढे तालुका सावरला तोही अधिक बिनचूक हिशेब कुणी मांडला म्हणून नव्हे. त्या प्रकारचा हिशेबच सोडून दिला म्हणून तो सावरला.

आधीचे दिवस

जुने दिवस फार सुखाचे होते असे समजू नये. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. त्यानंतर दख्खनभर फौजा फिरल्या, उभी पिके घोड्यांच्या पोटात गेली आणि १८०३-०४ मध्ये दुष्काळ पडला. पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. चढी बोली बोलेल त्याच्या हाती तालुका जाई आणि त्याहून चढी बोली आली की सुटे. हातात किती दिवस राहील याची खात्री नसलेल्या मक्तेदाराने पुढच्या पेरणीची फिकीर कशाला करावी?

तरी गावाच्या पातळीवर काही जुने बंधारे शिल्लक होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची होती. तो पूर्ण धारा, म्हणजे जमिनीचा सारा, भरी आणि गावकीत त्याला मान असे. उपरी बाहेरून आलेला. तो कौलाने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने, जमीन करी आणि पटले नाही तर गाव सोडून जाई. ज्या घराण्यात कुणी उरले नाही त्याची जमीन ‘गतकुळी’ म्हणून गावाच्या हवाली होई. (एका शब्दात एका घराची अख्खी शोकांतिका आहे, आणि जुन्या दप्तरांत तो वारंवार भेटतो.) पडीक मोडणाऱ्याला इस्तावा मिळे. पहिल्या वर्षी नावापुरता धारा, मग दरवर्षी चढत चढत काही वर्षांनी पुरा. गावाची एकूण बेरीज मामलेदार आणि पाटील यांच्यात घासाघीस होऊन ठरे आणि ती कुणाच्या अंगावर किती पडायची हे गावात ठरे. यात दांडग्याचे फावत असे आणि गरिबाच्या पदरी जास्त पडत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाऊस आला नाही तर मागण्याचा आकडा खाली यायला वाट होती. दप्तरात लिहिलेली कमाल रक्कम आणि हाती आलेली रक्कम यांत अंतर असे, आणि ते असणारच हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे.

१८१८ नंतर कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने मक्तेदारी बंद केली आणि रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची पद्धत, चालू केली. हे काम चांगलेच होते. पण जुनी दप्तरे हाती आली ती कमाल आकड्यांची, आणि नव्या कचेरीत आकडा म्हणजे येणे असे समजले जाऊ लागले. जे पूर्वी घासाघिशीचे टोक होते ते आता मागणीचे मूळ झाले.

भाव पडले

त्याच दशकात धान्याचे भाव कोसळले. कारणे उघड होती. पेशव्यांचा दरबार, सरदारांचे वाडे, पागा आणि शिबंदी हे दख्खनच्या ज्वारी-बाजरीचे मोठे गिऱ्हाईक होते, आणि ते एका फटक्यात गेले. शिलेदारी सुटलेले लोक घरी येऊन नांगर धरू लागले, म्हणजे खाणारे हात पिकवणारे झाले. शांतता झाल्याने पडीक जमिनी उठल्या आणि माल वाढला. सारा रोख द्यायचा असल्याने सुगी झाली की सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येई. शिवाय साऱ्याने गोळा झालेला पैसा पूर्वीसारखा त्याच मुलखात खर्च होईना.

रोख साऱ्याची खोच इथे आहे. समजा एका शेतकऱ्याला १० रुपये सारा आहे आणि ज्वारी रुपयाला २० शेर आहे. त्याला २०० शेर विकावी लागते. भाव पडून रुपयाला ४० शेर झाली की त्याच १० रुपयांसाठी ४०० शेर विकावी लागते. सरकारच्या वहीत काही बदललेले नाही, एक पैही वाढलेली नाही. त्याच्या कणगीतून मात्र दुप्पट धान्य गेले. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) त्यात १८२४-२५ साली पावसाने दगा दिला. पर्जन्यछायेतल्या इंदापूरला त्याची झळ अधिक बसली.

भाव पडला की धारा खाली आणायला हवा, हे इंग्रज अधिकाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. किती खाली आणायचा हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी पाहणी आणि मोजणी करायचे ठरले. ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगलकडे आले.

प्रिंगलचा हिशेब

प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला मुलकी अधिकारी होता. ईस्ट इंडिया कंपनीने आपले अधिकारी घडवण्यासाठी काढलेले हे कॉलेज, आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द थॉमस माल्थस होते. १८१५ मध्ये माल्थसने आणि १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे मांडले त्याचा गाभा असा : सर्वांत हलक्या जमिनीत पिकवायचा खर्चच जेमतेम निघतो, तिच्यापेक्षा सरस जमिनीत त्याच खर्चात जे जास्त पिकते तो खंड. तो कुणाच्या कष्टाचा मोबदला नव्हे, जमिनीच्या सरसपणाचा आहे. मग सरकारने तो घेतला तर शेतीलाही धक्का नाही आणि मजुरीलाही नाही. जेम्स मिल तर या मताचा पक्का पुरस्कर्ता होता. कंपनीच्या लंडन कचेरीत बसून हिंदुस्थानच्या महसुलावर तो लिहीत असे, आणि १८३१ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही त्याने हेच सांगितले.

कागदावर या विचारात अन्याय दिसत नाही. प्रिंगलला तो मनापासून न्यायाचा वाटत होता, असे मला वाटते. दांडग्या मिरासदाराने कमी द्यावे आणि गरीब उपऱ्याने जास्त, हे गावकीतले दुखणे त्याला मोडायचे होते. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने पुणे जिल्ह्यातून पाहणी चालवली. जमीन मोजली. मातीचे वर्ग पाडले. मग प्रत्येक वर्गाच्या जमिनीत सरासरी वर्षी एकरी किती पिकते याचा अंदाज घेतला. त्यातून बी, बैल, औत, मजुरी असा सगळा खर्च वजा केला. उरले ते निव्वळ उत्पन्न. त्याचे रुपये केले, आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे ठरवले. हे दर १८३० च्या सुमारास लागू झाले.

या हिशेबात दडलेली गोम त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही, म्हणून जरा सावकाश पाहू. निव्वळ उत्पन्न म्हणजे दोन मोठ्या अंदाजांतला लहान फरक. माझ्याच आकड्यांनी उदाहरण घेतो. एकरी १० रुपयांचे पीक धरले आणि खर्च ७ रुपये धरला, तर निव्वळ ३ रुपये आणि सारा त्याच्या ५५ टक्के, म्हणजे १ रुपया ६५ पैसे (सोयीसाठी आजच्या पैशांत). आता प्रत्यक्षात पीक ९ रुपयांचे आले आणि खर्च साडेसात झाला असे समजा. पिकाचा अंदाज दहात एकाने चुकला, खर्चाचा सातात अर्ध्याने. शेतीत एवढी चूक म्हणजे काहीच नाही. पण निव्वळ उरले दीड रुपया, आणि सारा आहे पावणेदोनच्या जवळ! अंदाजातल्या एवढ्याशा चुकीने पंचावन्न टक्क्यांचे एकशे दहा टक्के झाले. शेतकऱ्याने वर्षभर राबून खिशातून, म्हणजे सावकाराकडून आणून, भरायचे.

आणि चूक एवढीशी राहणेच शक्य नव्हते. इंदापूरच्या माळावर ‘सरासरी वर्ष’ असे वर्ष येतच नाही. एखादे भरघोस येते, एक-दोन मध्यम आणि एखादे साफ कोरडे. शेतकरी जगतो तो भरघोस वर्षातले पेवात ठेवून. खर्चाचेही तसेच. घरच्या बाईने खुरपले तर तिची मजुरी किती धरायची? बैल किती वर्षे टिकतो, आणि दुष्काळात कडब्यावाचून मेला तर त्या वर्षाचा खर्च किती? हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. हमीभाव ठरवताना ‘ए२ (प्रत्यक्ष झालेला खर्च) अधिक कुटुंबाची मजुरी’ धरायची की जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मिळवून ‘सी२’ धरायचे, यावर आपण अजून भांडतो आहोत, तेही आकडेशास्त्राची एवढी साधने हाताशी असताना. १८२७ मध्ये चार बुके जाणणाऱ्या, तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाने ते बांधावर उभे राहून ठरवायचे होते.

पुढच्या अधिकाऱ्यांनी या अपयशाचे खापर त्या कारकुनांवर फोडले. त्यांनी लाच खाल्ली, खोटे वर्ग लावले, कुलकर्ण्यांशी संगनमत केले, असे म्हटले गेले. त्यात तथ्य असणारच. माती कोणत्या वर्गात टाकायची यावर एखाद्याचा वर्षाचा घास ठरत असेल, तर कारकुनाचा हात ओला करायला माणसे येणारच. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला मान्य नाही. ज्या प्रश्नाला खरे उत्तरच नाही तो प्रश्न एखाद्या माणसाला पोटासाठी हजार वेळा सोडवायला लावला, तर तो उत्तरे बनवून देईल.

तालुका रिकामा होतो

नवे दर लागू झाले आणि थोड्याच काळात वसुली थकली. सूट द्यावी लागली, पुन्हा द्यावी लागली. सूट दरवर्षी द्यावी लागणे म्हणजे दरच खोटा आहे, पण कागदावरचा दर तसाच ठेवून सुटीचे प्रमाण अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. म्हणजे ज्या मनमानीला मोडण्यासाठी पाहणी केली तीच मागच्या दाराने परत आली. आपल्याला या वर्षी खरोखर किती द्यावे लागणार हे पेरताना शेतकऱ्याला ठाऊक नसे. अशा माणसाने जास्तीचे शेत का नांगरावे? पीक चांगले आले तर सूट जाणार, वाईट आले तर बी जाणार.

तेव्हाच्या वसुलीचे वर्णन मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या प्रशासन अहवालात आहे, आणि ते वाचवत नाही. रयतेकडून जास्तीत जास्त काढण्यासाठी बरेवाईट सगळे उपाय केले गेले. ज्यांनी दिले नाही किंवा ज्यांना देता आले नाही त्यांचा छळ झाला, काही ठिकाणी अंगावर काटा यावा असा. पुष्कळ लोक घरे सोडून शेजारच्या संस्थानांत पळाले. काही जिल्ह्यांत लागवडीलायक जमिनीपैकी जेमतेम एक तृतीयांश जमीन कुळांच्या हाती उरली. सरकारने स्वतःच्या आधीच्या कारभाराबद्दल लिहिलेले हे शब्द आहेत, हे ध्यानात ठेवावे.

इंदापूरकराला पळून जायला लांब जावे लागत नव्हते. नीरा ओलांडली की सातारकर छत्रपतींचा मुलूख, आणि पूर्वेला पुढे गेले की निजामाचा. बैल, दोन भांडी, पोरेबाळे घेऊन एका रात्रीत राज्य बदलता येई. मागे राहिलेल्या मिरासदाराचे हाल वेगळे होते. त्याचे वतन, त्याचे देव, त्याच्या वाडवडिलांची थडगी गावात. तो जात नसे, सावकाराकडे जाई.

दोन तरुण आणि नवी मोजणी

१८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याकडे हे काम आले. त्याच्या जोडीला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनियर होता. दोघेही १८१२ चे जन्मलेले, म्हणजे ऐन तेविशीत. प्रिंगलच्या नोंदी शेतांशी ताडून पाहिल्यावर त्यांना कळले की डागडुजीने भागणार नाही.

त्यांनी जे केले त्यातली मोठी गोष्ट ही, की एकरी निव्वळ उत्पन्न काढायचा नादच त्यांनी सोडला. धाऱ्याची पातळी ठरवायला त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : या गावांनी गेल्या वीसेक वर्षांत प्रत्यक्षात किती भरले, त्या त्या वर्षी भाव काय होता, पाऊस कसा होता, आणि त्यानंतर लागवड वाढली की घटली? लागवड घटली असेल तर मागणी जड होती, मग कागद काहीही म्हणो. पडीक शेतालाच त्यांनी साक्षीदार केले. पाऊस, बाजारपेठेचे अंतर आणि शेतीची रीत सारखी असलेल्या गावांचा एक गट करायचा आणि त्या गटाला एक कमाल दर ठरवायचा, अशी ही पद्धत.

मातीचे वर्ग त्यांनीही पाडले, पण ते फक्त वाटणीसाठी. या शेताने त्या शेताच्या मानाने किती द्यावे, एवढेच त्यातून काढायचे. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात, ज्यावर या दोघांबरोबर डेव्हिडसन या मोजणी अधिकाऱ्याचीही सही आहे, ही कोष्टके पक्की झाली. नऊ वर्ग, आणि प्रत्येकाची किंमत आण्यांत. बारीक कणांची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे. तीच एक हात असेल तर १० आणे. अर्धा हात असेल तर ६. आणि सर्वांत हलका वर्ग २ आण्यांचा. चुनखडी, वाळू, उतार असे दोष असतील तर वर्ग खाली. तपासनीस शेताचे चौकोन पाडून ठिकठिकाणी खणून खोली पाही. खोली हाताने मोजता येते. तिच्यावर वाद झाला तर पुन्हा खणून पाहता येते, आणि शेतकरी स्वतः शेजारी उभा राहून पाहू शकतो. निव्वळ उत्पन्न असे खणून दाखवता येत नाही. दोन पद्धतींतला सगळा फरक मला या एका गोष्टीत दिसतो.

मोजणीचा ठसा तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. बैलजोडीला झेपेल अशा बेताचा एक ‘नंबर’, त्याच्या कडेला बांध आणि दगड. सातबारा काढायला गेलेला माणूस जो सर्व्हे नंबर सांगतो, त्याची परंपरा या मोजणीपाशी जाते.

इंदापूरला हे दर १८३६ मध्ये लागू झाले, आणि ३० वर्षांसाठी. माझ्या मते इंदापूरला उठवले ते या मुदतीने. दर हलके झाले हे खरेच, पण हलका दर दरवर्षी बदलणार असेल तर त्यावर कोण विसंबणार? आता ३० वर्षे तोच आकडा राहणार होता. विहीर खणली, ताल घातली, माती सुधारली, तरी त्या मुदतीत धारा चढणार नव्हता. शिवाय एखादा नंबर झेपत नसेल तर राजीनामा देऊन तेवढाच सोडायची मुभा होती. बाकीची जमीन, तिचा धारा भरत राहिले तोवर, कुणी काढून घेणार नव्हते. सगळे सोडून रातोरात नीरेपार जाण्याऐवजी माणूस आता एक नंबर सोडून गावात राहू शकत होता.

पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. एकरी दर उतरूनही वसूल सावरला, कारण भरणारी शेते वाढली. सरकारला ही पद्धत इतकी पटली की ती दख्खनभर आणि पुढे वऱ्हाडातही गेली.

जे सुटले नाही

इथे गोष्ट गोड होते असे लिहिण्याचा मोह मला होतो, पण ते खरे होणार नाही. भाव पडले तर काय, या मूळ प्रश्नाला १८३६ च्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. धारा रोखच होता, फक्त हलका होता, म्हणून तो पेलला. जुनी गावकी मोडून प्रत्येक खातेदार सरकारपुढे एकटा उभा राहिला. धारा हलका आणि मालकी पक्की झाली तशी जमिनीला गहाण ठेवण्याजोगी किंमत आली, आणि सावकाराला तारण मिळाले. नव्या कोर्टांत रोखा दाखवला की हुकूमनामा मिळे. हे संकट ओळखणाऱ्यांत स्वतः विंगेट होता. १८५२ मध्ये त्याने सरकारला कळवले होते की सावकार आणि कोर्ट यांच्यामध्ये शेतकरी भरडला जातो आहे.

३० वर्षांची मुदत संपली ती नेमकी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि सगळ्याच मालाचे भाव फुगून गेल्यानंतर. १८६७ मध्ये इंदापूरचे दर नव्याने ठरले ते त्या फुगलेल्या भावांकडे पाहून, आणि पाठोपाठ भाव उतरले. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली : तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के आणि एका खातेदाराला दुपटीपेक्षा जास्त नाही. तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ ला शेजारच्या भीमथडीत, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून रोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या.